पक्ष्याचं तोंड कुणीकडे

४ फेब्रुवारी

होणाऱ्या विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

फोन सोडून पत्र लिहितोय, याचं नवल वाटून घेऊ नका. फोनवर तुम्ही फार गोड बोलता. ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की मी तीन गोष्टींना हो म्हणून बसलो आणि तिन्ही तुमच्या होत्या. कापडाच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाची अशी फसगत गिऱ्हाइकांना कळली तर शटर ओढावं लागेल. कागदावर मी जरा सावध असतो.

विषय जोडचादरीचा. मुलांनी लग्नाची तारीख अठरा मे धरली आहे. लग्नाची चादर तुमच्या लोकांतही दोन पट्ट्यांची, आमच्यातही. एक पट्टी मुलाच्या घरी भरायची, एक मुलीच्या. मग लग्नाआधी दोन्ही घरच्यांनी समोरासमोर बसून मधली शिवण घालायची, आणि तोवर एकमेकांची पट्टी बघायची नाही. इथवर सगळं जुळतं. घोडं पेंड खातंय ते पक्ष्यांपाशी.

आमच्याकडे शिवणीच्या दोन्ही बाजूंना एकेक पक्षी असतो आणि दोघांच्या चोची शिवणीकडे. म्हणजे दोघं एकमेकांकडे बघतात. चिरंजीव सांगतात, तुमच्याकडे दोघांच्या शेपट्या शिवणीकडे आणि तोंडं बाहेर. हे अक्काच्या कानावर गेलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझी बायको गेल्यापासून हे घर ती चालवते, आणि मलाही. ती म्हणाली, "लग्नाच्या चादरीवर रुसलेले पक्षी? मग उशीच्या अभ्र्यावर काय, वकील भरायचा?"

मी तिला गप्प केलं. म्हणजे, करायचा प्रयत्न केला. पण बाई, विचार करा. आमचा पक्षी सात पिढ्यांचा आहे. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, संग्रहालयात कापडांचं आख्खं दालन सांभाळता. एका पक्ष्याची मान वळवणं तुम्हाला जड नाही.

आपला होणारा व्याही

---

१३ फेब्रुवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

तुम्ही कागदावर सावध असता हे वाचून बरं वाटलं. सावध नसता तर काय लिहिलं असतं, याचा विचार करतेय.

आधी चादरीच्या दोन पट्ट्यांबद्दल. त्यात तुम्हाला दोन घरांचं मीलन वगैरे दिसत असेल तर खुशाल दिसू दे. खरं कारण एवढंच की जुने माग अरुंद होते. विणणाऱ्याचे हात जेवढे पसरतील तेवढाच पन्हा निघायचा आणि नवराबायको त्यात मावायचे नाहीत. म्हणून जोड. माझ्या दालनात निदान सहा लोकसमूहांच्या अशा चादरी आहेत आणि प्रत्येक जण म्हणतो की ही रीत फक्त आमचीच.

आता पक्षी. आमचे पक्षी रुसलेले नाहीत, पहाऱ्यावर आहेत. एक पुढच्या दारावर नजर ठेवतो, दुसरा मागच्या. अक्कांना विचारा, घरात दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले तर दूध कोण बघणार? किनाऱ्यावरचे लोक असेच पाठमोरे मासे भरतात. मेंढपाळांच्या घोंगड्यांवर मेंढ्याची शिंगं असतात, एक इकडे वळलेलं, एक तिकडे. त्या शिंगांना अजून कुणी वकील गाठून दिलेला नाही.

समोरासमोरचे पक्षीही माझ्याकडे चार ठिकाणचे आहेत. पण त्यांच्या मध्ये झाड असतं आणि झाडाला फळ. ते एकमेकांकडे बघत नाहीत, फळाकडे बघतात. तुमच्या पक्ष्यांमधलं झाड कुठे गेलं? की सात पिढ्यांत कुणी तोडलं?

एक काम सांगते. आमच्याकडे प्रदर्शन भरतंय. एकच नक्षी वेगवेगळ्या लोकांत कुठल्या नावाने चालते, हा विषय. तुमच्या दुकानात सगळीकडची माणसं येतात. नागमोडी रेघेला कोण काय म्हणतं ते ऐकून कळवाल? तुमचे कान तिखट आहेत असं माझी लेक म्हणते. तुमच्या घरात तिने कुजबुजलेलं तुम्ही माडीवरून ऐकलंत म्हणे.

तुमची होणारी विहीण

---

२० फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

माडीवरून नाही, जिन्यातून. आणि ती कुजबुजली ते माझ्याच धोतराबद्दल, म्हणून ऐकणं भाग होतं.

तुमचं काम केलं. नागमोडी काठाचं एक ठाण गल्ल्याशेजारी उघडं टाकून ठेवलं आणि येईल त्याला विचारलं, याला तुमच्याकडे काय म्हणतात? डोंगरातली बाई म्हणाली, पाणी. मासेवाला म्हणाला, डोंगर, होडीतून दिसतात तसे. दोघं एकमेकांकडे असे बघायला लागले की मला मध्ये चहा मागवावा लागला. सुतार म्हणाला, करवतीचे दात. दवाखान्यातली नर्स म्हणाली, तापाचा तक्ता. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "आमच्या हिला विचारायला हवं होतं." मग काही न घेताच गेले.

चौकटीत ठिपका असतो ती नक्षीही दाखवली. शेतकऱ्यांनी तिला पेरलेलं शेत म्हटलं. आमच्या गल्लीत तिला डोळा म्हणतात. माझा कटिंग मास्तर म्हणाला, बटण.

मी यातून काढलेला निष्कर्ष: ज्याच्या मनात जे, त्याला रेघेत ते. पाटीवर लिहायचा असेल तर फुकट देतो.

झाडाचंही अक्काला विचारलं. ती म्हणते झाड होतं, पण अर्धं या पट्टीवर आणि अर्धं त्या पट्टीवर. शिवणीला कापड जास्त आत घेत गेले आणि झाड शिवणीत गेलं. शिंप्याच्या पोटात काय काय जातं याला हिशेब नाही. मी काज-बटणापासून सुरुवात केली आहे, मला ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे दुहेरी धावदोरा घालतात. सुलट बाजूला जसा पक्षी तसाच उलट बाजूला. गाठ दिसत नाही, दोरा लोंबत नाही. तुमच्याकडे म्हणे मागे गाठींचं जंगल असतं. आमची आई म्हणायची, घराची परीक्षा चादरीच्या उलट बाजूने करावी. तुमच्याकडे काय म्हणतात?

आपला
पक्षी न वळवणारा व्याही

---

२ मार्च

व्याहीबुवा,

आमच्याकडे म्हणतात, चादर उलटून बघणारा पाहुणा पुन्हा बोलावू नये.

नावं उत्तम जमवलीत. नर्सबाईंचा तापाचा तक्ता थेट पाटीवर जाणार. तुमचा निष्कर्ष मात्र लिहिणार नाही. तो एका ओळीत एवढं सांगतो की लोक पुढचं दालन बघायला थांबणारच नाहीत.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं वाचून मी थोडा वेळ काम बाजूला ठेवलं. ते परत आले तर रेघेला काय म्हणतात ते विचारू नका. नुसतं ठाण समोर ठेवा.

आता एक वाईट बातमी. जपून वाचा, जवळ अक्का असतील तर आधी त्यांना बसवा. परवा आमच्या कोठीत दोऱ्याच्या रिळांच्या काही जुन्या पेट्या उघडल्या. जुन्या दोरा कंपन्या प्रत्येक पेटीत नक्षीचा एक रंगीत कागद घालत असत, गिऱ्हाईक टिकावं म्हणून. त्या कागदावर तुमचा पक्षी आहे, माझ्या दालनात तुमच्याकडची चादर आहे तिच्यावरचाच. तोच तुरा, तीच तीन पिसांची शेपटी, पायाखाली तीच दोन पानं. फोटो सोबत जोडला आहे. मेंढपाळ बायकांनी तो घेतला, डोंगरातल्यांनी घेतला, तुमच्याकडेही तो पेटीतूनच उडत आलेला दिसतो. कागद फार तर अक्कांच्या आईच्या वेळचा. सात पिढ्या कशा मोजल्यात? मीटरने की वितीने?

आणि एक विचारायचं होतं. लेक म्हणाली, अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर बारीक काम बंद. मग तुमच्याकडची पट्टी सध्या कोण भरतंय?

तुमची होणारी विहीण

---

९ मार्च

विहीणबाई,

फोटो अक्काला दाखवला. तिने हिरवी पट्टी बांधलेला डोळा सोडून दुसऱ्याने पाहिला आणि म्हणाली, "हो, आईकडे असे कागद डबाभर होते. तुला कुणी सांगितलं की हे पणजीचं?" मी म्हटलं, तूच. ती म्हणाली, "लहान मुलांना काहीही सांगावं लागतं." सात पिढ्या मागे घेतो. दीड धरा.

पट्टी कोण भरतंय ही घरची गोष्ट आहे. भरली जातेय एवढं पुरे. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा बरीच कामं उरकतात.

पण पक्षी पेटीतला असला म्हणून तोंड फिरवायचं कारण नाही. उलट मी तुमच्या पाठमोऱ्या पक्ष्यांचा धंद्याच्या नजरेने विचार केला आणि मला त्यांची खरी सोय कळली. असली चादर उसवायला फार बरी. भांडण झालं, मधला दोरा ओढला, याने आपली पट्टी उचलली, तिने आपली, आणि दोन्ही पक्षी आधीच दाराकडे तोंड करून तयार. मान वळवायचेसुद्धा कष्ट नाहीत. तुमचे पूर्वज दूरदृष्टीचे असले पाहिजेत. हे पाटीवर लिहायला माझी हरकत नाही.

उत्तराची वाट बघतोय. या वेळी तुम्हाला उत्तर सुचायला वेळ लागेल असा माझा अंदाज आहे.

आपला व्याही

---

३ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

माझा अंदाज खरा ठरला की मला घाम फुटतो. तीन आठवडे झाले. आधी वाटलं, प्रदर्शनाची गडबड. मग वाटलं, टपाल. मग मी स्वतःशी म्हटलं, तुम्ही हरलात आणि कबूल करायला लाजताय. शेवटचं वाटलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, तेही सांगून टाकतो.

काल चिरंजीव समोर येऊन बसले. तुमची लेक त्यांना म्हणाली, "आईने सुई खाली ठेवलीय. का ते सांगत नाही. ती सुई उचलेपर्यंत मी अठरा तारीख धरणार नाही. आधी तुमचे बाबा आणि माझी आई जोडा, मग आपलं बघू." गाई-म्हशींना इंजेक्शन देणारी मुलगी आहे. ती धमकी देत नाही, नुसती तारीख सांगते.

माझं शेवटचं पत्र अक्काला वाचून दाखवलं. ती ऐकत होती. उसवायच्या जागी पोचलो तशी म्हणाली, "थांब. त्या बाईंचा नवरा कुठे असतो?" मी म्हटलं, नाहीत, वारले असतील, मी कधी विचारलं नाही. ती म्हणाली, "बाकी सगळ्यांच्या कुजबुजी ऐकतोस."

काय बोललो ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण तुम्हाला लागलं हे कळलं. माझा मुलगा एकदाच लग्न करणार आहे, आणि तुमच्या मुलीशीच. माझ्या जिभेपायी ते अडू नये. चार शिव्या द्या, पण पत्र द्या.

आपला

---

१० एप्रिल

व्याहीबुवा,

शिव्या मला येत नाहीत. आमच्या दालनात बोलायला बंदी आहे, सवय गेली.

माझे यजमान वारले नाहीत. ते दुसऱ्या गावात असतात, तब्येत ठणठणीत आहे. लेक सहा वर्षांची असताना आम्ही वेगळे झालो. भांडीकुंडी वाटली, पुस्तकं वाटली. चादर उरली. त्यांच्या आई म्हणाल्या, आमची पट्टी आम्हाला द्या. मी आणि त्या खाली बसलो, एका टोकाकडून त्या, एका टोकाकडून मी, आणि शिवण उसवली. त्यांनी आपली पट्टी घडी करून नेली. माझी माझ्या कपाटात आहे, सर्वांत खालच्या खणात. तुम्ही धंद्याच्या नजरेने जे पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत. मान वळवायचेसुद्धा कष्ट पडले नाहीत.

तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून राग नाही. पण आता ठाऊक झालंच आहे तर पक्ष्याचंही सांगते, कारण पहाऱ्याची गोष्ट मी तुम्हाला पाटीवरची सांगितली होती. आत बघणारा पक्षी एकटा उरला की उसवलेल्या शिवणीकडे बघत बसतो. तशा पट्ट्या मी पाहिल्या आहेत, चांगल्या घरातल्या. बाहेर बघणारा निदान दाराकडे बघतो. माझ्या मुलीवर तशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर तिची पट्टी एकटी असतानाही पुरी दिसावी, एवढंच मला हवं होतं.

लग्नाची चादर भरताना कुणी असा विचार करू नये, हेही मला कळतं. सुई म्हणूनच खाली ठेवली होती, तुमच्यामुळे नाही. म्हणजे, फक्त तुमच्यामुळे नाही.

सुई काल उचलली. लेकीला तसं सांगितलं आहे. अठरा तारीख कायम.

तुमची होणारी विहीण

---

१६ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र दुकानात वाचलं. त्या वेळी एक गिऱ्हाईक परकराच्या कापडासाठी घासाघीस करत होतं. मी म्हटलं, घेऊन जा हव्या त्या भावात. कटिंग मास्तरला वाटलं मला झटका आला.

मी बोलतो फार. आज कमी बोलतो. पक्ष्याबद्दल आता मी काही म्हणणार नाही. तुम्हाला जसा भरायचा तसा भरा. आमच्याकडची पट्टी नीट चालली आहे. मध्ये थोडी उसवावी लागली, ते शिलाईकामात होतंच.

अक्काने निरोप दिलाय. म्हणाली, "त्यांना म्हणावं, वकिलाचं मी बोलले ते उशीबद्दल होतं, माणसांबद्दल नाही."

अकरा मेला आम्ही तिघं तुमच्याकडे जोडायला येतो. चहा बिनसाखरेचा. ही अट नाही, डॉक्टरांचं म्हणणं आहे.

आपला

---

२४ एप्रिल

व्याहीबुवा,

तुम्ही इतके सरळ वागायला लागलात की मला काळजी वाटते. अक्कांना सांगा, त्यांच्या वकिलावर मी पहिल्या दिवशीच खूप हसले होते, तुम्हाला कळवलं नाही एवढंच.

आता मलाही एक गोष्ट कळवायची आहे. मार्चमध्ये मी तुम्हाला पेटीतल्या कागदाचा अर्धाच फोटो पाठवला होता. उरलेल्या अर्ध्या भागात सूचना आहेत. कागदावर पक्षी एकच छापलेला. बाजूला तुटक रेघ आणि लिहिलंय, इथे घडी घालून दुसरा पक्षी उतरवा. पण छपाईत रेघ फिरली आहे. काही कागदांवर ती चोचीपाशी पडते, काहींवर शेपटीपाशी. चोचीपाशी घडी घातली की दोन पक्षी समोरासमोर येतात. शेपटीपाशी घातली की पाठमोरे. थोडक्यात, तुमच्या लोकांना एक पेटी मिळाली, आमच्या लोकांना दुसरी. आमचा पहारेकरीही त्याच दुकानातला. हे मला दोन मार्चलाच ठाऊक होतं. तुमच्या सात पिढ्यांची गंमत संपेपर्यंत सांगवेना.

प्रदर्शनात दोन्ही कागद शेजारी शेजारी लावते आहे. माझे वरिष्ठ विचारत होते, मग यातला खरा अर्थ कुठला? मी म्हटलं, ज्या घरात जो सांगितला तो. घडी कुठेही पडो, पुढे बायका त्याखाली झोपल्या, बाळंत झाल्या, आजारी पडल्या. अर्थ नंतरच भरला गेला. तुमच्या त्या एका ओळीच्या जवळ जातंय हे, पण मी तुमचं नाव घातलेलं नाही.

माझी पट्टीही बरीच झाली. मीसुद्धा मध्ये थोडी उसवली. कारण विचारू नका. लेकीची चादर आहे, माझं कपाट नाही, एवढंच सांगते.

चहा बिनसाखरेचा मिळेल.

तुमची होणारी विहीण

---

२ जून

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार, आणि यातला "होणाऱ्या" आजपासून रद्द.

निघताना तुम्ही म्हणालात की चादर जोडल्याची हकीकत लिहून पाठवा, प्रदर्शनातल्या दोन कागदांशेजारी लावायची आहे. तुम्ही समोर होतात, मग माझ्याकडून का? तर म्हणे, "माझ्या लिहिण्यावर कुणी हसत नाही." घ्या तर.

अकरा मे, तुमची पुढची खोली. सतरंजीवर एका बाजूला तुम्ही, एका बाजूला मी आणि अक्का. मुलं खिडकीत. तुम्ही आपलं बोचकं सोडलं, मी आपलं. माझ्या मनात काय होतं ते लिहितो: बाईंना आज जरा बरं वाटेल. मी तुमच्या रितीप्रमाणे पक्षी भरला होता, तोंड बाहेर, शेपटी शिवणीकडे. पक्षी उसवून पुन्हा भरायला मला दोन आठवड्यांच्या दुपारी लागल्या होत्या. चेहऱ्यावर मोठेपणा येऊ नये म्हणून मी छताकडे बघत होतो.

पट्ट्या शेजारी ठेवल्या. मी खाली पाहिलं तर तुमच्या पक्ष्याची चोच शिवणीकडे. आमच्या रितीप्रमाणे. तुम्ही माझ्या पक्ष्याकडे बघताय, मी तुमच्या. दोन्ही पक्ष्यांची तोंडं एकाच बाजूला. माझा पुढे, तुमचा त्याच्या मागे. ही नक्षी तुमच्या सहा लोकसमूहांत नाही आणि कुठल्या पेटीतही नाही.

तुमची लेक पहिल्यांदा हसली, आणि गुरांच्या डॉक्टरला शोभेल असं हसली. अक्काने नवा डोळा जवळ नेला आणि म्हणाली, "दोघं एकाच गावाला निघालेत. मागच्याला घाई दिसते."

मग तुम्ही माझी पट्टी हातात घेऊन उलटलीत. पाहुण्याने उलटू नये म्हणता, पण घर तुमचं होतं. टाक्यांवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "हे अक्कांचं काम नाही." अक्का म्हणाली, "माझं कसं असेल? मला तर पक्षी आहे की कोंबडी ते आत्ता दिसलं." मग तुम्ही माझ्या बोटाकडे पाहिलंत. शिवताना अंगुस्तान घालून घालून त्याला पडलेला वळ जात नाही, गल्ल्यावर कितीही वर्षं बसलो तरी. या पट्टीवर आईने टाका घालायचा असतो. चिरंजीवांची आई नाही, म्हणून मी बसलो. शटर अर्धं ओढून, दुपारचं. तुम्ही सुईत दोरा ओवून माझ्या हातात दिलात. माझी नजर आता तेवढी नाही, हे तुम्ही कधी पाहिलंत कुणास ठाऊक.

तुम्ही एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून. शिवणीत कापड मी बोटभरसुद्धा जास्त घेतलं नाही.

घरचं वर्तमान. मुलांच्या पलंगाच्या एका अंगाला दार आहे, दुसऱ्या अंगाला खिडकी. चादर सुलट घातली की दोन्ही पक्षी दाराकडे निघतात, उलट घातली की खिडकीकडे. सूनबाई आठवडाभर सुलट घालतात आणि सुट्टीच्या दिवशी उलट. उलट बाजूला माझा पक्षी जसाच्या तसा आणि तुमचा सगळ्या गाठी-दोऱ्यांसकट, पिसं विस्कटलेली, आत्ताच झोपेतून उठल्यासारखा. अक्का रोज बघते आणि म्हणते, हाच जास्त जिवंत वाटतो. मी लक्ष देत नाही.

एक मात्र पाटीवर ठळक लिहा. मुलाकडचा पक्षी पुढे आहे.

आपला व्याही

---

१२ जून

व्याहीबुवांना नमस्कार,

हकीकत लावली. लोक थांबून वाचतात आणि हसतात. एक बाई "कोंबडी"पाशी आल्या आणि त्यांना बाकावर बसावं लागलं.

तुमची शेवटची ओळ मी पाटीवर घातली, पण खाली एक ओळ माझी जोडली: मेंढपाळांकडे हाकणारा नेहमी मागून चालतो. आता बघणाऱ्याने काय समजायचं ते समजावं. ज्याच्या मनात जे, त्याला रेघेत ते. या वाक्याखाली या वेळी तुमचं नाव घातलं आहे, म्हणजे "एक कापडवाले व्याही" असं.

लेकीचा फोन येतो. खुशाल आहे. तुमच्याबद्दल तक्रार एकच, जिन्यात उभे राहता. तिला म्हटलं, आता मोठ्याने बोलत जा, त्यांचंही वय झालंय.

घर जरा मोठं झाल्यासारखं वाटतं. गेल्या रविवारी सर्वांत खालचा खण आवरला. ती पट्टी बाहेर काढली, धुतली, वाळवली. एकाच पट्टीची चादर होत नाही हे खरं. पण पन्हा अरुंद होता तो पुढच्या खोलीच्या खिडकीला बरोबर बसला. वरून दुमडून दांडी घालायला थोडं शिवावं लागलं. टाके वाकडे आलेत, तुम्ही आलात की उलटून बघालच.

पक्षी आता खिडकीत आहे. त्याचं तोंड बाहेर रस्त्याकडे, कोपऱ्यावरून पोस्टमन वळतो त्या बाजूला. तेव्हा उत्तराला उशीर करू नका. मान त्याची दुखते.

तुमची विहीण